वीस रुपये कमी घेऊन मावशी का गेली?

ताई, नमस्कार.

मी रावेर तालुक्यात मामांच्या केळी पॅकहाऊसचं काम बघतो. पुण्यात एमबीए केलं, दोन वर्षं नोकरी केली, मामांची बायपास झाली म्हणून परत आलो. कापणीची टोळी वेगळी आहे, पॅकिंगच्या टेबलावर बारा बायका. आधी सगळ्या नुसत्या रोजावर होत्या आणि काम संथ चालायचं. डिसेंबरपासून मी इन्सेन्टिव्ह लावला. प्रत्येकीला नंबर दिला, तिने भरलेल्या खोक्यावर तिच्या नंबराचा स्टिकर. दिवसाला चाळीस खोक्यांच्या वर जितकी जातील, त्या प्रत्येकावर पाच रुपये. महिन्यात सगळ्यात जास्त खोकी भरणारीचा फोटो ऑफिसबाहेर. शेजारी मॅस्लोचा पिरॅमिडही लावलाय, मराठीत करून.

पहिला महिना आकडा सव्वापट झाला. मग निर्यातदाराकडून फोटो यायला लागले. खालच्या थरात चिकाचे डाग, चट्टे पडलेल्या फण्या. दोन वेळा त्यांनी आमचे पैसे कापले, तेव्हा मलाही टेबलाचे कापावे लागले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हजेरीचा बोनस जाहीर केला होता, तरी तीन दिवस कोणी फिरकलं नाही. जिचा फोटो लावला ती पोरगी म्हणते, दादा, फोटो काढा. आणि आता सगळ्यात जुनी मावशी, नऊ वर्षं आमच्याकडे होती, ती शेजारच्या गावच्या पॅकहाऊसला गेली. तिथे रोज वीस रुपये कमी मिळतात. मी चौकशी केली, खरंच कमी आहेत.

मामा म्हणतात, ‘पोट भरलं की यांचे हात चालत नाहीत, धाक पाहिजे.’ ते मला पटत नाही, पण पुस्तकातलंही लागू पडेना. ही मावशी पिरॅमिडच्या कोणत्या पायरीवर आहे? वीस रुपये कमी घेऊन माणूस जातो तरी का?

– एक भाचा, रावेर तालुका

भाऊ,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका अर्ध्या वाक्याशी अडखळले: ‘तेव्हा मलाही टेबलाचे कापावे लागले.’ तुम्ही ते जाता जाता लिहिलंत आणि आखाजीकडे वळलात. मावशी मात्र तिथून पुढे सरकलीच नसावी, असा माझा अंदाज आहे. त्याकडे येते. आधी तो पिरॅमिड भिंतीवरून उतरवू.

अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली एका लेखात माणसाच्या गरजा पाच गटांत मांडल्या. अन्न-पाणी-झोप, मग सुरक्षितता, मग आपलेपणा, मग मान, आणि शेवटी आपल्यात जे काही आहे ते पुरतं उमलावं ही ओढ. त्या लेखात पिरॅमिड नाही. १९५४ च्या त्याच्या पुस्तकातही नाही. तो त्रिकोण १९६० च्या सुमारास व्यवस्थापनाच्या एका सल्लागाराने काढला, आणि चित्र इतकं सुटसुटीत निघालं की लेख वाचायची कुणाला गरजच उरली नाही. मॅस्लोने तर बजावून ठेवलं होतं की एक गरज शंभर टक्के भागल्यावरच दुसरी डोकं वर काढते, असं समजू नका. समजावण्यापुरते म्हणून त्याने काही आकडेही मनानेच बसवून दिले: सामान्य माणसाच्या शरीराच्या गरजा ८५ टक्के भागलेल्या, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, मानाच्या ४०, आणि शेवटची जेमतेम १०. म्हणजे सगळंच एका वेळी अर्धंमुर्धं. तुमचं-माझं असतं तसंच.

म्हणून ‘मावशी कोणत्या पायरीवर’ याला उत्तर नाही. सकाळी टेम्पोत चढताना ती गुडघ्याच्या दुखण्यात असते. हजेरीच्या वहीत नाव चढेपर्यंत रोजाच्या काळजीत. डबे उघडले की बायकांच्या घोळक्यात. आणि फणी हातात आली की आणखी कुठेतरी. हे सगळं दुपारी बारापर्यंत.

पायऱ्यांवरून माझीच फजिती आठवली. धुळ्याकडच्या एका सूतगिरणीत मी कामगार कल्याण अधिकारी होते. नवीन होते, हौस दांडगी. मे महिन्यात कामगारांना ‘प्रेरणा’ या विषयावर शिकवायला घेतलं. ओव्हरहेड प्रोजेक्टर, पडद्यावर हाच त्रिकोण, मी हातात पट्टी घेऊन तळापासून वर निघालेली. मागच्या रांगेतून एक जॉबर, म्हणजे मुकादम, उठला, अगदी नम्रपणे म्हणाला, ‘मॅडम, त्या खालनी पायरीवर पानी शे का? चार दिन व्हयनात, कूलर बंद शे.’ अख्खी खोली हसली. मी पट्टी खाली ठेवली आणि कूलरवाल्याला फोन करायला गेले. तो वर्ग पुढे झालाच नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी विचारलंही नाही.

तेव्हापासून एक संशय मनात बसलाय. मालक मंडळींना मॅस्लो इतका का आवडतो? वरच्या पायऱ्या फुकटात चढवता येतात म्हणून. टाळ्या फुकट, फोटो फुकट, ‘तुम्ही आमचं कुटुंब आहात’ हे तर सगळ्यात फुकट. म्हणून पुढचं काही बोलण्याआधी तुम्हाला विचारते: पॅकहाऊसमध्ये बायकांसाठी संडास आहे का? आतून कडी लागणारा, पाणी असलेला? हातमोजे देता का? केळीचा चीक लुगड्यावर पडला तर तो डाग जन्माचा, आणि दिवसभर तुरटीच्या पाण्यात आणि चिकात घातलेले हात संध्याकाळी कसे होतात ते त्यांनाच ठाऊक. एप्रिल-मे महिन्यात तुमच्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, डोक्यावर पत्रा असेल. रोज किमान वेतनाच्या खाली नाही ना? यातलं एकही अक्षर पत्रात नाही. स्टिकरचा मात्र आख्खा हिशेब आहे.

हे मी का विचारते, त्यालाही एका माणसाचा आधार आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनिसांना विचारलं होतं: कामावर फार बरं वाटलं असा प्रसंग सांगा, फार वाईट वाटलं असाही सांगा. त्यावरचं पुस्तक १९५९ ला आलं. वाईट प्रसंगांत लोकांनी कंपनीचे नियम, साहेबाची वागणूक, पगार, कामाची जागा यांची नावं जास्त घेतली. बऱ्या प्रसंगांत काम फत्ते झाल्याचा आनंद, कुणी दखल घेतल्याचा, जबाबदारी मिळाल्याचा, खुद्द कामाचा. हर्झबर्ग म्हणाला, या दोन याद्या वेगळ्या आहेत. पहिलीतलं सगळं नीट केलंत तर कुरकुर थांबेल, पण तेवढ्याने हुरूप येणार नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर पाणी तोडलं की केळी वाळते, पण नुसत्या पाण्यावर घड भरत नाही.

या अभ्यासावर टीकाही झाली, आणि ती रास्त आहे. चांगलं झालं की माणूस ‘मी केलं’ म्हणतो, बिघडलं की ‘साहेबामुळे’ म्हणतो, त्यामुळे याद्या आपोआपच दोन पडणार. शिवाय ते पगारदार इंजिनिअर. रोजावर येणाऱ्या बाईला पैसा नुसती कुरकुर थांबवायला लागतो असं कुणी म्हणालं, तर त्याला आठवडी बाजाराच्या दिवशी तिच्यासोबत पिशवी धरून फिरवावं. पैसा लागतोच. म्हणूनच तुमची मावशी वीस रुपये सोडते, तेव्हा ती गोष्ट साधी नाही. महिन्याचे पाचएकशे होतात. तिच्या घरात तो गॅसच्या सिलिंडरचा मोठा हिस्सा आहे.

आता मामांकडे वळू. त्यांचा राग नको, ते एकटे नाहीत. डग्लस मॅकग्रेगर या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकाने १९६० साली अशा समजुतीला ‘थिअरी एक्स’ असं नाव दिलं: माणूस मुळात कामचुकार, त्याला धाक किंवा आमिष लागतं. उलट बाजूची ‘थिअरी वाय’: पटलेल्या कामासाठी माणूस स्वतःहून राबतो. मॅकग्रेगरचं खरं म्हणणं असं की तुम्ही जे धरून चालाल तशीच व्यवस्था उभी कराल, आणि मग माणसंही तशीच वागू लागतील. तुम्हाला मामांचं पटत नाही म्हणता. पण भाऊ, स्टिकरची स्कीम उलगडून बघा, तिच्या पोटात मामाच बसलेत. त्यांच्या हातात छडी, तुमच्या हातात पाच रुपये. दोघांनीही धरून चाललंय की बाई हलवल्याशिवाय हलत नाही.

तुम्ही वाईट हेतूने केलं नाहीत, हे पत्रावरूनच कळतं. मला वाटतं तुम्हाला आकडा आवडतो. डेव्हिड मॅक्लेलंड नावाचा मानसशास्त्रज्ञ होता, त्याचं काम आपल्याकडेही झालं, १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकीनाडाच्या व्यापाऱ्यांबरोबर. तो म्हणायचा, काही माणसांत काहीतरी करून दाखवायची भूक मोठी असते, काहींत माणसं धरून राहायची, काहींत आपला शब्द चालावा याची. पहिल्या प्रकारच्या माणसाला खुंटीवर कड्या फेकायला दिल्या तर तो अगदी जवळून फेकत नाही आणि फार लांबूनही नाही. जमेल पण कस लागेल अशा अंतरावर उभा राहतो, आणि पडली की नाही हे त्याला लगेच कळायला हवं असतं. तो माणूस म्हणजे तुम्ही. चाळीस खोकी, संध्याकाळी बेरीज, काल किती आज किती. तुम्ही बारा बायकांना तुमचा आवडता खेळ दिलात. त्यातल्या एका पोरीला तो आवडला असेल, पण टेबलावर एकट्याने जिंकण्याची किंमत तिला पहिल्याच महिन्यात कळली.

त्या फोटोबद्दल ऐका. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ अनेक प्रयोग झाले. पहिले प्रयोग उजेड-अंधाराचे, ते तुम्ही कॉलेजात वाचले असतील. मला शेवटचा जास्त मोलाचा वाटतो. टेलिफोनच्या जोडण्या करणाऱ्या चौदा जणांना एका खोलीत बसवून फक्त बघत राहिले. जास्त काम केलं तर जास्त पैसे, अशी पद्धत होती. तरी त्या टोळीने आपापसांत दिवसाचं माप ठरवून घेतलं होतं आणि कुणी त्याच्या वर जाऊ लागला की दंडावर बुक्का. आळस म्हणून नव्हे. आज वाढवलं की उद्या साहेब तेच माप करील, ही भीती. आता खरं सांगा, पुढच्या हंगामात चाळीसचे पन्नास करावेत असं तुमच्या मनात आलं होतं की नाही? बायकांच्या मनात ते पहिल्याच दिवशी आलं असणार. त्या पोरीचा फोटो म्हणजे पन्नासाचा बोर्ड. तिला दंडावर बुक्का बसला नसेल, पण टेम्पोत शेजारची जागा रिकामी राहिली असेल, डब्यातली चटणी पुढे आली नसेल. तुम्ही तिला मान दिलात आणि त्यापायी तिचा आपलेपणा गेला. पिरॅमिडप्रमाणे ती वर चढली. तिला विचाराल तर ती पडली.

आखाजीचं तर बोलायलाच नको. तुम्ही खानदेशातले, तुम्हाला मी सांगावं? लेकी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, घागर भरायची, खापरावरचे मांडे करायचे, आणि तुम्ही हजेरीचा बोनस लावता! १९६४ साली व्हिक्टर व्रूमने मांडलं की माणूस मनात तीन गोष्टी जोखतो: मी झटलो तर जमेल का, जमलं तर ठरलेलं मिळेल का, आणि जे मिळेल ते मला हवं आहे का. तिसऱ्या प्रश्नावर तुमचा बोनस तिथेच संपला. सणापुरत्या आईकडे आलेल्या लेकीला दारात सोडून दोनशे रुपयांसाठी फण्या धुवायला कोण येईल? पुढच्या वर्षी ते तीन दिवस आधीच बंद जाहीर करा आणि निर्यातदाराला फाल्गुनातच कळवा. बोनसचे पैसे वाचतील.

आता मावशी.

माझं माहेर यावल तालुक्यातलं. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना मी केळी धुण्याच्या हौदाशी काम करताना तासभर उभी राहून पाहिलंय. फणी पाण्यातून वर काढताना त्यांची दोन बोटं खालून आधाराला. वर आली की आधी उलटी करायच्या, कारण घासल्याचे चट्टे आतल्या रांगेत लपलेले असतात, बाहेरची रांग कुणालाही दिसते. मग देठाकडच्या कापावर अंगठा फिरवायचा. सुरीने रेशे सोडले असतील तर अंगठ्याला कळतं, तिथूनच पुढे सड लागते. एखादी फणी न बोलता डावीकडे सरकवायच्या. मी विचारलं, ‘काकू, ही तर चांगली दिसते?’ त्यांनी ती नुसती उचलून माझ्या नाकाशी धरली. मला काही कळलं नाही. ‘दोन दिवसांत पिकेल ती. बाकीच्यांना घेऊन पिकेल,’ म्हणाल्या, आणि पुढची उचलली.

हे सगळं एका फणीला चार-पाच सेकंदांत. तुमच्या वहीत ते चार-पाच सेकंद म्हणजे संथपणा. ‘काम संथ चालायचं’ असं तुम्ही लिहिलंय, त्यातला बराचसा संथपणा हाच होता, आणि नऊ वर्षं तुमचा माल त्याच्यावर जात होता. स्टिकर लागल्यावर फणी उलटी करून बघणं हे पाच रुपयांचं नुकसान झालं. बाकीच्यांनी उलटं करणं सोडलं. मावशीने सोडलं नसणार, म्हणून तिचा आकडा तळाला गेला असणार. वही काढून बघा आणि मला कळवा. माझा अंदाज चुकला तर पुढच्या अंकात तसं छापेन.

इथे एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाचा १९७१ चा प्रयोग लोक हमखास सांगतात. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली, एका गटाला कोड्यामागे एक डॉलर दिला. पैसे थांबल्यावर तो गट रिकाम्या वेळात ठोकळ्यांना आधीइतका हात लावीना. कोडं होतं तोवर खेळ, डॉलर आला आणि ते काम झालं. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडलं की माणसाला तीन गोष्टी लागतात: आपल्या मर्जीचा थोडा वाव, आपल्याला हे येतं ही जाणीव, आणि आपली माणसं. पण हा प्रयोग केळी धुण्याला जसाच्या तसा लावू नका. मजेने कोणी चिकात हात घालत नाही. मावशीच्या कामातला जो भाग मजुरीच्या पलीकडचा होता, ती नजर, तो अंगठा, तेवढ्यालाच हे लागू आहे. तुमच्या पाच रुपयांनी नेमका तोच भाग मोडला.

आणि वर पैसे कापले. खराब फण्या कुणी भरल्या हे तुम्हाला ठाऊक होतं, प्रत्येक खोक्यावर नंबर होता! कमाई वाटताना एकेकीचा नंबर, तोटा वाटताना सगळं टेबल. जॉन स्टेसी अ‍ॅडम्स याने १९६० च्या दशकात हेच मांडलं होतं: माणूस आपल्याला काय मिळालं एवढंच बघत नाही, मी काय घातलं आणि मला काय मिळालं, तिने काय घातलं आणि तिला काय मिळालं, हे ताडून बघतो. हिशेब जुळला नाही तर कुणी काम कमी करतो, कुणी भांडतो, कुणी उठून जातो. मावशी भांडणाऱ्यातली दिसत नाही, आणि काम कमी करणं तिच्या हाताला जमलं नसेल. उरलं काय?

शेजारच्या पॅकहाऊसमध्ये तिला वीस रुपये कमी मिळतात, पण तिथे बहुधा सरसकट रोज आहे आणि फणी उलटी करून बघायला कोणी हटकत नाही. न केलेल्या चुकीचे पैसेही कापले जात नाहीत. जाता जाता हेही सांगते: बाजू मांडायची संधी न देता नुकसानीपोटी मजुरी कापणं कायद्यातही बसत नाही. ते मावशीला माहीत नसेल, तुम्हाला माहीत असायला हवं.

काय करायचं, ते सांगते. कापलेले पैसे बाराही जणींना परत करा, या आठवड्यात, रोख, आणि चूक माझी होती एवढं म्हणून. लांबलचक भाषण नको. मावशीकडे स्वतः जा, संध्याकाळी, तिचा स्वयंपाक उरकल्यावर. गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवा. ओट्यावर बसा, चहा दिला तर घ्या, तिचे पैसे तिच्या हातात द्या. ‘परत या’ हे त्या दिवशी तोंडातून काढू नका, नाहीतर परत दिलेले पैसे आमिष होतील. विचारा फक्त: मावशी, माल कुठे बिघडायला लागला? आणि मग गप्प बसा. मध्ये मध्ये एमबीए नको.

स्टिकर बंद. मोजायचंच असेल तर टेबलाचं मोजा, आणि निर्यातदाराकडून तक्रार न आलेली खोकीच मोजा. त्यातून जो बोनस निघेल तो टेबलावर सारखा. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ साली असंच काहीसं झालं होतं. नवे ऑटोमॅटिक माग आणले, काम बारीक बारीक तुकड्यांत वाटलं, एकाने फक्त धागा जोडायचा, दुसऱ्याने फक्त तेल, आणि कापड मनासारखं निघेना. माणसं एकत्र काम कशी करतात याचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतून ए. के. राइस आला. ठरावीक मागांची जबाबदारी एका गटाने मिळून घ्यायची, अशी कल्पना त्याने मांडली. कामगारांनी ती इतकी उचलून धरली की गट कसे पाडायचे हेही त्यांनीच ठरवलं. उत्पादन वाढलं आणि खराब कापडाचं प्रमाण उतरलं. पुढच्या वर्षांत ती पद्धत काही ठिकाणी टिकली, काही ठिकाणी विरून गेली. वरून लक्ष हटलं की विरते, एवढं ध्यानात ठेवा. तुमच्याकडे कापणारा, धुणारी, भरणारी, वजन करणारा, सगळे एकमेकांच्या कामावर अवलंबून आहेत. घड शेतातून आणतानाच घासला गेला तर टेबलावरची बाई काय करणार? टोळी आणि टेबल यांना आठवड्यातून एकदा समोरासमोर बसवा, अर्धा तास. पहिल्यांदा भांडतील. भांडू द्या.

आणखी एक. निर्यातदाराचे फोटो येतात ते तुमच्या फोनवर. बायकांनी ते पाहिलेत का? त्यांनी भरलेलं खोकं आखातात कुठेतरी उघडतं, ते त्यांना कधी दिसलंच नाही. हॅकमन आणि ओल्डहॅम या दोघांनी १९७० च्या दशकात लिहिलं की काम अंगात भिनायला ते कुठे पोचतं आणि कसं झालं हे करणाऱ्याला कळावं लागतं. निर्यातदाराला सांगा, खराब निघालेल्याचे फोटो पाठवता तसे चांगल्या खोक्याचेही पाठवा, उघडतानाचा व्हिडिओ असेल तर उत्तम. जेवणाच्या सुट्टीत फोन त्यांच्यामध्ये ठेवा आणि तुम्ही बाजूला व्हा. काय खराब झालं ते तुमच्या आधी त्याच सांगतील.

यातून आकडा पुन्हा सव्वापट होईल का? बहुधा नाही. थोडा खालीच राहील. मामांना हे पटवायचं तर मानसशास्त्र काढू नका, दोन वेळा कापलेल्या पैशांची बेरीज त्यांच्यासमोर ठेवा आणि शेजारी इन्सेन्टिव्हपोटी वाटलेले पैसे लिहा. जुना व्यापारी माणूस आहे, तेवढी कागदाची चिठ्ठी त्यांना पुरेल. आणि एकदा त्यांना विचाराच, नऊ वर्षं मावशी त्यांच्या धाकाने टिकली होती का. मला वाटतं ते जरा वेळ गप्प बसतील. बायपासच्या वेळी दवाखान्यात भेटायला कोण कोण आलं होतं, हे त्यांच्या लक्षात असेल.

सगळ्यात जास्त खोकी भरणाऱ्या त्या पोरीला मात्र यात हरवू नका. तिचे पाच-पाच रुपये बंद होणार, तिचं मन खट्टू होईल. तिला पैशांची कशाला गरज आहे ते विचारा, असेल काहीतरी, कॉलेजची फी किंवा घरचं औषध. हिशेबाला बरी असेल तर वजनकाट्याचं आणि वहीचं काम द्या, त्याचे वेगळे पैसे द्या. हात चपळ आहे तिचा, तो गुन्हा नाही.

आणि तो फोटो आजच काढा. तिने सांगितलंय ना.

– ताई